जाऊबाईंचा रॅम्प

माणसं दागिन्यांचा हेवा करतात, घरांचा करतात, दुसरीच्या नवऱ्याचा करणाऱ्या बायकाही मी पाहिल्या आहेत. मी सिमेंटच्या रॅम्पचा हेवा केला. तो काही संगमरवरी नव्हता. शाळेच्या मैदानातून व्हरांड्यावर चढणारा एक करडा उतार, एका बाजूला लोखंडी कठडा आणि कठड्याला पिवळा रंग. तो रंग वाळायच्या आत मी त्याला बोट लावून बघितलं आणि बोट पिवळं करून घरी आले. घासून घासून रंग गेला, पण पोटातली जळजळ काही गेली नाही.

रॅम्प झाला तो ताईंच्या मुलासाठी. ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या मुलाच्या पायांत जन्मापासून जोर नाही. तो चाकाच्या खुर्चीत बसून साऱ्या घराला हुकूम सोडत असतो, म्हणून त्याला सगळे मेजर म्हणतात. माझी मुलगी खारू. तिच्या हातापायांत काही कमी नाही, पण ती फार मोजकं बोलते आणि तिला मोठा आवाज अजिबात सोसत नाही. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात, सासूबाई हट्ट म्हणतात आणि शेजारच्या काकू म्हणतात की गरोदरपणी मी फार वाचायचे त्याचा हा परिणाम आहे. मी ग्रंथालयात नोकरीला आहे. न वाचून सांगते कुणाला?

आता यात हेवा कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मेजर रस्त्यातून निघाला की लोक बाजूला होऊन वाट देतात. खारू कानांवर हात ठेवून रस्त्यातच खाली बसली की लोक बाजूला होत नाहीत, उलट गोळा होतात आणि मुलांना वळण कसं लावावं ते मला शिकवतात. ताईंचं दुःख दारावरच्या पाटीसारखं, कुणालाही वाचता येणारं. माझं आपलं प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगायचं, आणि तेही खारूचा हात सुटू न देता.

त्यात आमच्या भागातल्या शिक्षण कार्यालयाला सुधारणा करायची हुक्की आली. विशेष गरजा असलेल्या मुलांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या शाळेत न धाडता घराजवळच्याच शाळेत सोयी करून द्यायच्या, अशी नवी योजना निघाली. योजना उत्तम होती. तिच्यात एकच मेख होती: एका शाळेला एका वर्षी एकच सोय. ताईंनी रॅम्प मागितला आणि मी मागितली एक शांत खोली. निकाल काय लागणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. रॅम्पची फीत कापता येते, रॅम्पवर उभं राहून फोटो काढता येतो. शांततेचा फोटो काढला तर त्यात रिकामी खोली येणार.

फीत कापायला कार्यालयातले साहेब आले. कात्रीचं तबक धरायला हेडबाईंनी कुणाला उभं करावं? मला. "तुम्ही घरच्याच," असं म्हणाल्या. पुढे तो फोटो शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला. त्यात साहेब आहेत, ताई आहेत, मेजर सलामी घेतल्यासारखा बसला आहे आणि डाव्या कडेला एक कोपर आहे. ते कोपर माझं आहे. मी आल्यागेल्याला दाखवायचे, पण ओळखलं कुणीच नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी जळून जळून आपोआप विझले असते. पण मेजरचा वर्ग होता वरच्या मजल्यावर, आणि रॅम्प काही जिना चढत नाही. म्हणून त्याचा वर्ग खाली आणला, आणि त्या खोलीतला वर्ग वर पाठवला. तो वर्ग खारूचा. वरच्या खोलीच्या दारावरच शाळेची घंटा आहे. घंटा म्हणजे परातीएवढी लोखंडी थाळी, विजेवर बडवली जाणारी. खाली असताना ती लांबून ऐकू यायची तेव्हा खारू नुसते कान झाकायची. आता ती डोक्यावरच वाजायला लागली. पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि खारू बाकावरून उठली ती जिना उतरून, व्हरांडा ओलांडून, त्याच रॅम्पवरून मैदानात पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच, दर घंटेला.

हेडबाईंनी मला बोलावलं. बाई मनानं चांगल्या आहेत, पण कुठलीही वाईट बातमी त्या चहा पाजून देतात. कपबशी पुढे आली तेव्हाच मी ओळखलं.

"हे बघा, फाटक उघडं असलं आणि ती रस्त्यावर गेली तर मी काय तोंड दाखवू? या सत्रात हे थांबलं तर ठीक. नाहीतर तिला अर्धाच दिवस पाठवा, किंवा ती दुसरी शाळा बघा."

"बाई, तिला शाळा आवडते हो," मी म्हणाले. खरंच आवडते. सकाळी सगळ्यांच्या आधी ती दप्तर पाठीला लावून दारात उभी असते. तिच्या बाईंनी एकदा तिला फळा पुसायला सांगितलं तर घरी येऊन तिनं आमचा फ्रिज पुसला, दोनदा. ती दुसरी शाळा इतकी लांब आहे की तिथे जायला मला नोकरी सोडावी लागली असती, आणि तिथे खारूला ओळखणारं कुणी नव्हतं. मी हेडबाईंसमोर घळाघळा रडले. तेवढ्यात ताई दारावरून गेल्या. मेजरला दुपारी डबा भरवायला त्या रोज येतात. त्यांनी मला बघितलं आणि काही न बोलता पुढे गेल्या. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, रॅम्पवाल्यांना काय पडली आहे आमची.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. एकानं कापसाचे बोळे सुचवले. खारूनं ते काढून आजोबांच्या कवळीच्या पेल्यात टाकले. आवाज अडवायला कानांवर लावायचं ते यंत्र आणलं, तर तिनं ते खेळण्यातल्या अस्वलाला घातलं आणि काढू देईना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सवय लावायची गं. घरात रोज थोडी थोडी वाजवायची." आमच्या ह्यांना हा उपाय शास्त्रीय वाटला. ते शाळेत जाऊन मोबाइलवर घंटेचा आवाज भरून आले आणि चहाच्या वेळी अगदी बारीक आवाजात लावला. खारू उठली, तिनं फोन हळूच उचलला, न्हाणीघरात नेला आणि भरल्या बादलीत सोडला. मग परत येऊन खारी खायला लागली. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. घंटा बंद करण्याचा तो आमचा पहिला यशस्वी प्रयोग.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आजवर शांतता मागत होते, ती मिळत नव्हती. पण घंटा काढून टाका म्हटलं तर त्यात देण्यासारखं काय आहे? काही बांधायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही. नुसती काढायची. रजा टाकून मी शिक्षण कार्यालयात गेले.

त्या टेबलावरचे कारकून सज्जन होते, म्हणजे त्यांनी मला बसायला सांगितलं. मग योजनेची चोपडी उलटसुलट करून ते म्हणाले, "यात बसवण्याची तरतूद आहे. काढण्याची नाही."

"मग काढण्याची तरतूद कुठे आहे?"

"दुरुस्ती विभागात. पण घंटा बिघडली आहे का?"

"नाही हो, चांगली वाजते. तीच तर तक्रार आहे."

"मग दुरुस्त काय करायचं?" ते खरोखर विचारात पडले. मग त्यांनी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला, बराच वेळ 'हं, हं' केलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमच्या शाळेत घंटा नाहीच."

"मग रोज वाजतं ते काय?"

"ते शाळेला विचारा. आमच्या सामानात बाकं आहेत, फळे आहेत, एक शिडी आहे. घंटा नाही. जी वस्तू नाही ती काढायची कशी? आधी ती असल्याचं मंजूर करून घ्यावं लागेल, मग बघू." आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "तुमच्या शाळेचा तो रॅम्प मात्र फार सुरेख झाला हं. आमच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घेतलाय."

मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

घरी ह्यांनी एक सोपा हिशेब मांडला. घंटा जर कुणाच्या कागदावर नाही, तर ती बंद पडली हेही कुणाला कळणार नाही. आमचे हे वर्षात एकदा असं काही बोलतात आणि उरलेलं वर्ष त्यावर काढतात. वायरमन ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या हाताला गुण आहे असं हे म्हणतात. आमच्या घरात त्यानं पंखा बसवल्यापासून पंख्याचं बटण दाबलं की मोरीतला दिवा लागतो, तो कुठल्या गुणात धरायचा ते मला माहीत नाही. मी हेडबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "मी मधल्या सुट्टीत कपाट आवरत असते. माझी पाठ दाराकडे असते." वायरमननं मधल्या सुट्टीत शिडीवर चढून एक वायर कापली, आणि घंटा मेली.

ते दिवस मी विसरणार नाही. खारू पूर्ण दिवस वर्गात बसली. घरी येऊन तिनं मला चित्र दाखवलं: एक चौकोन, त्यात बाक, बाकावर ती. मी ते चित्र बराच वेळ हातात धरून बसले. आणि मनाचा कोतेपणा बघा, दुसऱ्या दिवशी ते ताईंच्या दारावरून हळूहळू, छातीशी धरून नेलं. ताईंनी बघितलं आणि दार लावून घेतलं. त्या माझ्याशी धड बोलतच नव्हत्या. मला कोण आनंद झाला. म्हटलं, एकदा तरी यांच्या पोटात दुखू दे.

पण घंटा ही एकट्या शाळेची नव्हती, हे मला मागाहून कळलं. सगळी गल्ली तिच्यावर चालायची. शाळेसमोरच्या बेकरीवाल्याकडे घड्याळच नव्हतं. दुसऱ्या घंटेला तो भट्टीतून पाव काढायचा. निवृत्त पोस्टमास्तर मधल्या सुट्टीच्या घंटेला रक्तदाबाची गोळी घ्यायचे. शिंपी दुकान उघडायचा पहिल्या घंटेला आणि जेवायला जायचा चौथ्या घंटेला. शाळेच्या आत तर विचारू नका. इतिहासाचे सर एकदा एका लढाईत शिरले ते बाहेरच येईनात, गणिताच्या बाई दाराबाहेर उभ्या राहून राहून थकल्या, आणि मुलांना त्या दिवशी फक्त इतिहास आणि भूक हे दोनच विषय झाले. खेळाचे सर मात्र सगळ्या तासांना मैदानावरच होते. त्यांची तक्रार नव्हती.

एका संध्याकाळी बेकरीवाले, शिंपी आणि पोस्टमास्तर आमच्या सोफ्यावर येऊन बसले. बेकरीवाल्यांनी पुरावा म्हणून कोळसा झालेला पाव आणला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"वहिनी, आमचं तुमच्याशी वैर नाही," शिंपी म्हणाला. "पण माणसानं जेवायचं कधी?"

"मी एका दिवशी दोनदा गोळी घेतली," पोस्टमास्तर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. सरासरी बरोबर आहे, पण डॉक्टर ऐकत नाही."

मी तोंडाला येईल ते बोलणार होते. तुम्हाला पाव प्यारा, मला पोर. पण तेवढ्यात खारू आली, तिनं तो जळका पाव उचलून वास घेतला, पोस्टमास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि निघून गेली. सगळे हसले आणि बोलणं सोपं झालं. शेवटी असं ठरलं की घंटेऐवजी दिवे लावायचे. प्रत्येक वर्गात एक लाल दिवा आणि एक मोठा फाटकावर, गल्लीसाठी. हेडबाईंच्या खोलीत एक बटण. बटण दाबलं की सगळीकडे लाल. मुकी घंटा. ही कल्पना माझी, हे मी इथे नमूद करून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यानंतर तिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

वायरमननं दिवे बसवले आणि जाताना बजावलं, "वहिनी, जोडणी तेवढी तपासायची राहिली आहे. उद्या येतो. तोवर बटणाला हात लावायचा नाही."

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं की तो सुप्रसिद्ध रॅम्प बघायला साहेब त्यांच्या वरच्या बाईसाहेबांना घेऊन येत आहेत. ताई आणि मेजर रॅम्पवरून वर येऊन दाखवणार होते. म्हणजे पुन्हा ताई, पुन्हा फोटो, पुन्हा पहिलं पान. आणि माझे दिवे काय अंधारात राहणार? मी ग्रंथालयातून निघाले, तडक हेडबाईंना गाठलं आणि त्यांच्या मागे लागले. "बाई, आलेच आहेत तर दिवेही दाखवू. बटण मी दाबते. आत बसूनच दाबते, फोटोत येणारसुद्धा नाही." फोटोत न येण्याची तयारी मी दाखवली यावरून मी किती इरेला पेटले होते ते लक्षात घ्या. वायरमनचं बोलणं मला आठवत होतं. मी ते आठवूनच बाजूला ठेवलं.

साहेब आले. त्यांची गाडी आत घ्यायला फाटक सताड उघडलं. हेडबाई पाहुण्यांना दिव्यांबद्दल सांगत होत्या, बाहेर ताई मेजरची खुर्ची रॅम्पवर ढकलू लागल्या होत्या, आणि हेडबाईंनी खिडकीतून मान हलवताच मी बटण दाबलं.

दिवे लागले. सगळे लागले, हे मी आजही अभिमानानं सांगते. पण वायरमननं दिव्यांसाठी नवी वायर न ओढता घंटेचीच जुनी वायर वापरली होती, आणि कापलेलं टोक पुन्हा जोडताना घंटाही जोडली होती. इतके दिवस गप्प बसलेली घंटा जी सुरू झाली ती थांबेना. मी बटण वर ओढलं, खाली दाबलं, त्याच्यावर बुक्की मारली. बटण रुतून बसलं होतं. मी वायर ओढली तर हेडबाईंच्या टेबलावरचा पंखा बंद झाला. घंटा वाजतच राहिली.

मग मला खारू आठवली. आणि उघडं फाटक.

मी बाहेर धावले तेव्हा व्हरांड्यात मुलांची झुंबड होती आणि खारू त्यांच्यात नव्हती. तिच्या बाई म्हणाल्या, ती केव्हाच गेली. मी रॅम्पकडे बघितलं. रॅम्पच्या मधोमध साहेब उभे होते, दोन्ही हातांनी मेजरची खुर्ची घट्ट धरून. ताईंनी "धरा जरा" म्हणून ती त्यांच्या हातात दिली होती आणि त्या कुठे दिसत नव्हत्या. साहेबांना कानांवर हात ठेवता येत नव्हता, कारण हात सोडला तर खुर्ची मागे घसरत होती.

"ब्रेक लावा," मेजर त्यांना सांगत होता. "डावीकडचा. डावीकडचा म्हणजे माझा डावा. अहो, पाय रोवून उभे राहा, हा फार चढा आहे. माझ्या आईला रोज दम लागतो."

बाईसाहेबांनी खाली वाकून रॅम्प बघितला आणि साहेबांना विचारलं, "एवढा उभा? कुणी मंजूर केला हा?" साहेबांना घंटेमुळे ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. त्या वेळी मला हसू यायला हवं होतं. मला काहीच येत नव्हतं. मी फाटकातून रस्त्यावर पळाले, बेकरीपर्यंत गेले, खारू खारू म्हणून ओरडले. शिंप्यानं कात्री टाकली आणि तो एका बाजूला पळाला, बेकरीवाले दुसऱ्या बाजूला. एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत रस्त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं, आणि तेवढ्या वेळात मी देवाला सांगितलं की मला रॅम्प नको, खोली नको, दिवे नकोत, फोटोही नको.

कुणीतरी मीटरजवळचं मुख्य बटण पाडलं असावं, कारण घंटा एकदम थांबली. त्या शांततेत शाळेच्या आतून ताईंची हाक ऐकू आली. मोठ्यानं नाही, नेहमीच्या आवाजात. "अगं, इकडे आहे."

शाळेच्या मागे पाण्याची सिमेंटची टाकी आहे. टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक मूल मावेल एवढी फट आहे. खारू तिथे गार टाकीला गाल लावून बसली होती. ताई तिच्यापासून थोड्या अंतरावर, मातीतच, चांगल्या साडीनिशी बसल्या होत्या. त्या तिला हात लावत नव्हत्या, बोलतही नव्हत्या. खारूला घाबरल्यावर जवळ घेतलेलं चालत नाही. हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही. ताईंना कुणी सांगितलं होतं?

मीही शेजारी बसले. मी हळूच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं ती इथे असेल?"

"रोज इथेच तर यायची. कुणी शोधायला निघायच्या आत आपली आपण वर्गात परत."

"तुम्ही बघायचात?"

"डबा भरवायला येते ना मी. घंटा व्हायच्या आधी मेजरला थांब म्हणायची आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. तिला बघायला." ताई पदराची माती झटकत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "काय पळते गं ती. जिना तर दिसतसुद्धा नाही तिला. रॅम्पवर आली की हात असे मागे टाकते आणि सुटते. मी इतकी वर्षं खुर्ची ढकलते आहे, मला वाटायचं माझंच अंग हलकं झालं. मग फार हेवा वाटायचा तुझा. त्या दिवशी ती पळते म्हणून तू हेडबाईंपुढे रडत होतीस ना, तेव्हा तर तुझं तोंड बघू नये असं वाटलं."

"मी तुमच्या रॅम्पवर जळत होते," मी म्हणाले.

"त्या रॅम्पवर?" ताई म्हणाल्या. "अगं, कंबर गेली माझी त्याच्यापायी."

पुढचं सगळं झटपट झालं. साहेबांनी त्याच दुपारी घंटा 'धोकादायक वस्तू' ठरवली. धोकादायक वस्तू काढायला म्हणे कसली तरतूद लागत नाही. ती नसली तरी काढता येते. परातीएवढी थाळी शिडीवरून खाली आली आणि बेकरीवाल्यांनी ती मागून नेली. बाईसाहेबांच्या हुकमानं रॅम्प फोडून पुन्हा, लांब आणि बेताच्या चढाचा बांधायचं ठरलं. वायरमननं जोडणी तपासली. फाटकावरचा दिवा लागला की आता पाव निघतो, गोळी घेतली जाते. हेडबाईंनी मला पुन्हा चहाला बोलावलं तेव्हा मी कपाला हातच लावला नाही, पण त्यांनी एवढंच सांगितलं की खारू याच शाळेत राहील, पूर्ण दिवस.

त्यानंतर एका दुपारी मी ग्रंथालयातून लवकर निघाले आणि शाळेत जाऊन व्हरांड्यात ताईंच्या शेजारी उभी राहिले. मला खारूला पळताना बघायचं होतं. घरात ती पळते तिथे दोन ढांगांत भिंत येते. शाळेतलं तिचं ते पळणं मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशीही मी आत बटणाशी झटत होते. घंटेची, जिन्याची आणि फाटकाची काळजी तेवढी मी केली होती, बघितलं होतं ते ताईंनी.

लाल दिवा लागला. मुलं बाहेर आली. जरा वेळानं खारू आली, कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून उतरत, डबा हातात घेऊन. ती आमच्याजवळ आली आणि खाली बसून डबा उघडायला लागली.

"आता नाही पळायची," ताई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले. याचसाठी मी एवढा आटापिटा केला होता. आनंद झाला होताच. तरी मी पुन्हा एकदा जिन्याकडे बघितलं.

"सांगा ना," मी म्हणाले. "कशी पळायची?"

मग ताई हात मागे टाकून, मान पुढे काढून मला दाखवायला लागल्या, आणि मी बघत राहिले आणि जळत राहिले.